बॉनेटवरील ठिपके

रत्नागिरीत मोटार घेणाऱ्याला पहिल्या वर्षभरातच एक गोष्ट उमगते. येथे गाडी चालविणे सोपे, तिचा रंग राखणे अवघड. मिऱ्या-मांडवीकडून येणारा खारा वारा, उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ, पावसाळ्यातील धुवांधार सरी आणि वैशाखात कलमाखाली गाडी उभी केली तर हापूसच्या देठाचा चीक, हे सारे त्या रंगाच्या मुळावर आलेले असतात. आमचे कापडाचे दुकान. मालासाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगर पेठेत वरचेवर जावे लागते. त्यामुळे गाडी ही आमच्याकडे चैनीची नव्हे, कामाची वस्तू. तरीही काही वर्षांपूर्वी नवी गाडी दारात आली आणि तिची कांती टिकविण्याचा मला छंदच जडला.

या छंदातून जे शिकलो ते प्रथम सांगतो, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडेल. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. कारागीर त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. आपण जिला चकाकी म्हणतो ती या एवढ्याशा थराची करामत. यंत्राने घासून पॉलिश केले की गाडी झळकते, पण त्या वेळी या थराचाच किंचित अंश निघून जातो. मी हौसेने दोन वर्षांत तीनदा तसे करून घेतले. चकाकी वाढविण्याच्या नादात तिचे भांडवलच खर्च करीत होतो, हे फार उशिरा कळले. व्यापाऱ्याला तरी हे आधी कळायला हवे होते.

दुसरी चूक घरोघरी दिसते. सकाळी दुकानाला निघताना कोरड्या फडक्याने गाडी पुसायची. जांभ्याच्या धुळीत बारीक कठीण कण असतात. कोरडे फडके ते कण रंगावर घासत नेते आणि उन्हात पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच हात लावावा. नळी लागत नाही. दोन बादल्या पुरतात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्यासाठी. पाणी गाळून घेण्याचा आपला घरचा नियम येथेही पाळावा. जीवदया तर होतेच, शिवाय पाण्यातील रेतीही रंगावर जात नाही. धुणे उन्हात नको, सकाळी पत्रा थंड असतानाच करावे. नाहीतर थेंब जागच्या जागी वाळून डाग धरतात. खडी उडून रंगाचा टवका निघाला असेल तर तेथे लगेच रंगाचा ठिपका द्यावा, कारण खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

मेण घेताना डब्यावरील मजकूर वाचावा. पुष्कळ मेणांत मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण मिसळलेले असते. जे कुटुंब मध वर्ज्य मानते त्याने ते गाडीला का फासावे? ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून निघणारे कार्नोबा मेण मिळते, तसेच कारखान्यात तयार झालेली कृत्रिम लेपनेही मिळतात. पुसण्यासाठी शॅमी या नावाने विकले जाणारे कापड पुष्कळदा मेंढीचे कातडे असते. त्याऐवजी मायक्रोफायबर घ्यावे. एवढी काळजी घेतली की आपण धर्माला धरून गाडी राखतो, असे मला मनोमन वाटू लागले होते. ते समाधान फार दिवस टिकले नाही.

श्रावणातील गोष्ट. गौरी-गणपतीच्या खरेदीचे दिवस होते. कोकणातील कापडाच्या दुकानाची वर्षाची कमाई या दिवसांवर उभी असते. गांधीनगरातून निघायला रात्र झाली. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता. पाऊस थांबला होता आणि दिव्यांच्या झोतात पतंग व किडे अक्षरशः धुक्यासारखे येत होते. मध्यरात्रीनंतर घरी पोहोचलो. पहाटे उठून ओले फडके घेऊन बॉनेटपाशी गेलो, कारण किड्यांचे अवशेष उन्हाने घट्ट झाले की रंगात उतरतात. ते घासायचे नाहीत, ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवून भिजू द्यायचे. मी तेच करीत होतो.

वडील सामायिक आटोपून ओटीवर आले. “हे कसले ठिपके?” त्यांनी विचारले.

“रात्रीचे किडे, अण्णा. लगेच काढले नाहीत तर रंग खातात.”

ते थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “रंगाचं कळलं. पण हे किती असतील, मोजलेस का?”

ते आत गेले. मी नंबरप्लेटजवळच्या वीतभर जागेतले ठिपके मोजू लागलो आणि साठाच्या पुढे गेल्यावर थांबलो. जाता-येता पायाखाली आलेल्या जीवांची, दवाची, कोळ्याच्या जाळ्याची आठवण करून देणारे इरियावहियं सूत्र मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरते म्हणून आपले साधू-साध्वी चार महिने विहार थांबवून एका जागी राहतात, हेही ठाऊक होते. पण त्याच चातुर्मासात माझ्या गाडीच्या पत्र्यावर जे उमटले होते त्याकडे मी इतकी वर्षे केवळ रंगाचा शत्रू म्हणून पाहत होतो.

तेव्हापासून घरात एक नियम केला. आषाढी चातुर्मासी चतुर्दशीपासून कार्तिकापर्यंत आजारपणाखेरीज रात्री गाडी काढायची नाही. पहाट फुटल्यावर निघायचे, सूर्यास्तापूर्वी परतायचे, नाहीतर कोल्हापुरात मुक्काम करायचा. याची किंमत आहे. मुक्कामाचा खर्च होतो, दुकानाचा अर्धा दिवस जातो. एका वर्षी माल एक दिवस उशिरा आला आणि दोन जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. धाकटा भाऊ म्हणाला, “दिवसा किडे मरत नाहीत का?” मरतात. गृहस्थाला सारे टाळता येत नाही. पण जे टाळता येते ते सोयीसाठी करीत राहणे आणि जे टळत नाही ते जपून करणे, यांत अंतर आहे. आपल्याकडे त्या जपण्यालाच यतना म्हणतात.

गाडी मी अजूनही निगुतीने राखतो. वस्तू टिकविली तर नवी घ्यावी लागत नाही, हाही परिग्रहाला आवरच आहे. बॉनेटवरील ठिपके आता पुष्कळ कमी झाले आहेत, पण संपलेले नाहीत. जे दिसतात ते ओल्या फडक्याखाली भिजत असतात तोवर मी तेथेच उभा राहतो. ही क्षमा मागायला संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

मिच्छामि दुक्कडं.