पहिला कोण हसला?

आठवणींचा लेख लिहिण्यासारखा बिनभांडवली धंदा दुसरा नाही. कच्चा माल घरचा, मजुरी नाही, आणि ज्यांचा माल उचलायचा त्यांना विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हा धंदा केला. वाईच्या आमच्या जुन्या वाड्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला आणि त्यात माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाहायला आलेल्या मंडळींची हकीकत घातली.

हकीकत १९६६ सालची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बश्या फिरल्या, नाव-गाव झाले आणि मुलाच्या काकांनी फर्मान सोडले, "मुलीला गाता येतं म्हणे!" अक्का पेटीवर बसली. पहिल्याच ओळीला पेटीची एक पट्टी खाली बसली ती वर येईचना. अक्काने गाणे थांबवले, भाता थांबवला. पण आतला वारा संपेपर्यंत ती पट्टी एकाच सुरात गळा काढून रडत राहिली. बैठकीत हसण्याचा स्फोट झाला. काकांना ठसका लागला आणि त्यांच्या बशीतले पोहे सतरंजीवर सांडले. आठ दिवसांनी पत्र आले : पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती!

लेख वाचकांना आवडला. चार-दोन पत्रेही आली. हसून हसून पुरेवाट झाली, असे एकाने लिहिले. मी ते पत्र खिशात घालूनच भाऊबीजेला अक्काकडे गेलो.

तिथे माझ्या आधी अंक पोचला होता. नातीने तो सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला होता. जावई हसत होते, नातवंडे पेटीच्या रडण्याची नक्कल करीत होती, आणि अक्काही हसत होती. तिने मला ओवाळले, करंज्यांचे ताट पुढे ठेवले. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तेव्हा ती माझ्यामागे आली.

"छान लिहिलंयस हो बाळ," ती म्हणाली. "सगळं बरोबर आठवलं तुला. काकांचा ठसकासुद्धा. फक्त पहिला कोण हसला, तेवढं नाही लिहिलंस."

मी गप्प राहिलो. कारण ते मला आठवत होते. पहिला मी हसलो होतो. दाराच्या चौकटीशी उभा राहून, मोठ्याने. पाहुणे मंडळी तोवर दम धरून बसली होती. धाकट्या भावानेच वाट मोकळी करून दिल्यावर त्यांना कसली भीड?

"त्यानंतर चार दिवस मी वाड्यातल्या नळावर गेले नाही," ती म्हणाली. "आई पाणी भरायची. आणि पेटीला मी पुन्हा हात लावला नाही, हे तुझ्या कधी ध्यानात आलं का रे?"

नव्हते आले. साठ वर्षे होत आली, आणि पेटी एकाएकी माळ्यावर का गेली, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आम्हां दोघांचा दिवस एकच होता. मला त्यातला विनोद मिळाला होता. बाकीचे सारे अक्काच्या वाट्याला आले होते. लेखात मी एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. फक्त तिची फजिती ठेवली होती आणि माझा अपराध गाळला होता.

परत आल्यावर मी कपाटातली काही पुस्तके पुन्हा काढली. रमाबाई रानडे यांनी माधवरावांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. आपण शिकू लागल्यावर घरातल्याच बायकांनी कसा छळ मांडला, तेही त्यांनी त्यात लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ सालचा. टिळक १९१९ सालीच गेले होते. सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' मात्र १९९० साली, पु. ल. हयात असताना आले, आणि घरातले असे चारचौघांत मांडावे काय, यावर तेव्हा घरोघर वाद झाले. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिले. सोसलेल्या जातीच्या जाचाबरोबर, आपण स्वतः बायकोशी कसे वागलो, तेही त्यांनी झाकले नाही.

या साऱ्यांनी आधी घरोघर परवानगी मागितली असती, तर यांतले किती छापले गेले असते? 'घरची अब्रू' या दोन शब्दांखाली आपल्याकडे कितीतरी बायकांची आणि दुबळ्यांची दुःखे गाडली गेली आहेत. तेव्हा ज्याने छळले त्याच्या परवानगीची वाट छळ सोसणाऱ्याने पाहावी, असे मी म्हणणार नाही. पण माझी गोष्ट तशी नव्हती. अक्काने माझा काय छळ केला होता? मी लिहिले ते मजेसाठी, आणि त्या मजेची किंमत तिने दिली होती. पुन्हा त्या पुस्तकांत लिहिणाराने स्वतःचाही पदर ओढला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्वभावावर लिहितात, पण हसतात आधी स्वतःला. मी दाराच्या चौकटीआड लपून राहिलो होतो.

माझ्या आठवणींच्या पुस्तकाचे बाड तेव्हा तयार होते. मी ते प्रकाशकाकडे न देता पुढच्या भाऊबीजेला अक्काच्या हाती दिले. एका दिवंगत मित्रावरचे प्रकरण त्याच्या पत्नीला वाचायला पाठवले. तिने ते एका चिठ्ठीसह परत केले : "मुलीचं लग्न होईपर्यंत थांबता येईल का?" ते प्रकरण मी बाजूला ठेवले आहे. पुस्तक त्याने थोडे बारीक झाले, पण मला झोप बरी लागते.

अक्काने बाड महिनाभर ठेवून घेतले. पेटीची हकीकत तिने खोडली नाही; समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले, "आता खरं झालं."

हा लेखही तिने आधी वाचला आहे. यातल्या दोन ओळी तिने काढायला लावल्या. त्या कोणत्या, ते वाचकांनी मला विचारू नये.