कारकुनी : उत्सर्ग आणि अपवाद

'रोबो' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी हातपायांची एक आकृती उभी राहते. हा शब्द जगाला देणारे कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली रंगभूमीवर आले. त्याचा पडदा उघडतो तेव्हा मात्र समोर दिसते ते कारखान्यातील कचेरीचे दालन. डोमिन हा संचालक पत्रांचा मजकूर सांगतो आहे आणि सुला नावाची टंकलेखिका तो टंकित करते आहे. ही सुला म्हणजेच यंत्रमानव. बाहेरून आलेल्या हेलेनाचा त्यावर विश्वास बसत नाही, इतकी ती माणसासारखी आहे. 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी, आणि तो योजण्याची सूचना कारेल यांचे चित्रकार बंधू योसेफ यांची. प्रेक्षकांना प्रथम दिसलेला यंत्रमानव ओझी वाहत नव्हता, तर कारकुनी करत होता, हा तपशील नाट्यवाङ्मयाच्या तासाला मी अनेक वर्षे एक गंमत म्हणून सांगत आले. अलीकडे तो सांगताना वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहणे मला अवघड वाटू लागले आहे.

याचे कारण 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' नावाचे सॉफ्टवेअर. यातील 'रोबो'ला शरीर नाही. तो एक संगणकीय प्रणाली आहे आणि कचेरीतला माणूस संगणकावर जे करतो तेच ती करते. स्वतःचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन आत शिरते, ईमेल उघडते, जोडलेल्या फाइलमधला आकडा उचलते, दुसऱ्या पडद्यावरच्या चौकटीत टाकते आणि बटण दाबते. मोठ्या संस्थांमध्ये निरनिराळ्या काळी घेतलेल्या संगणकप्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत. त्या नव्याने बांधणे खर्चाचे असते, म्हणून एकीतली माहिती दुसरीत नेण्यासाठी मध्ये माणूस बसवलेला असतो. या सॉफ्टवेअरने मूळ प्रणालींना हात न लावता तो मधला माणूस तेवढा बदलला. इंग्लंडमधील ब्लू प्रिझम ही कंपनी २००१ साली निघाली, बुखारेस्टमध्ये पुढे युआयपाथ या नावाने ओळखली गेलेली कंपनी २००५ साली.

या क्षेत्रात वारंवार सांगितले जाणारे उदाहरण ब्रिटनमधील टेलिफोनिका ओ-टू या दूरध्वनी कंपनीचे आहे. २०१० साली तिने दोन साध्या कामांवर प्रयोग केला. जुना क्रमांक नव्या सिमकार्डावर नेणे हे त्यांपैकी एक. मेरी लॅसिटी आणि लेस्ली विल्कॉक्स यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी केलेल्या अभ्यासानुसार एप्रिल २०१५ पर्यंत तेथे १६० हून अधिक 'रोबो' महिन्याला चार ते पाच लाख व्यवहार हाताळू लागले होते.

ही आकडेवारी माझ्यासाठी दूरची राहिली असती. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी, मराठी घेऊन एम.ए. झालेली, पुण्यातील एका कंपनीत आरोग्यविम्याच्या दाव्यांचे काम आठ वर्षे करते आहे. रुग्णालयाचे बिल, पॉलिसी, बँकेचा तपशील आणि कंपनीची नोंद असे चार पडदे उघडे ठेवून एकातले दुसऱ्यात भरायचे, हे तिचे काम. तिच्या विभागात हे सॉफ्टवेअर यायचे ठरले तेव्हा प्रत्येकाला सांगण्यात आले की, आपण काय करतो ते पायरीपायरीने लिहून द्या. तिने लिहिलेले टिपण एकतीस पानांचे झाले. मी तिला विचारले, "स्वतःचं काम असं लिहून काढताना काय वाटलं गं?" ती म्हणाली, "मॅडम, पायरी लिहायला रकाना होता, पडदा कुठला ते लिहायला होता, अपवाद लिहायला होता. 'का' लिहायला रकानाच नव्हता."

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य सहजासहजी सोडत नाही. आपल्या परंपरेत सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि त्याला बाधित करणाऱ्या विशेष नियमाला अपवाद. व्याकरणातला अपवाद हाही एक नियमच असतो, आणि तो कोठे लागू होतो हे आधीच सांगितलेले असते. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत मात्र जे नियमात बसले नाही ते सगळे अपवाद, आणि ते माणसाच्या पुढ्यात येऊन पडायचे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ तिच्या टेबलावर रोज एकमेकांना भेटतात.

तिनेच दिलेले एक उदाहरण सांगते. पॉलिसीवर एका बाईंचे माहेरचे नाव आहे, बँकेच्या खात्यावर सासरचे. रुग्णालयाने आडनाव आधी लिहिले आहे आणि रोमन लिपीत 'कुलकर्णी'चा एक स्वर वेगळा पडला आहे. सॉफ्टवेअर अक्षरे ताडून पाहते, ती जुळत नाहीत, दावा अडकतो. माझी विद्यार्थिनी जन्मतारीख, पत्ता, लग्नाचा दाखला पाहते आणि दोन मिनिटांत ठरवते की ही एकच व्यक्ती आहे. हे काम आपल्या ओळखीचे आहे. हस्तलिखितांच्या दोन प्रती समोर ठेवून हा लेखनिकाचा हस्तदोष आहे की खरा पाठभेद, हे आपण असेच ठरवतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती केवळ अक्षरे जुळवून नव्हे, तर अर्थाचे भान ठेवून. यंत्राकडून नकलेत हस्तदोष होत नाही हे खरेच, पण मूळ नोंदच चुकलेली असली तर तेच चुकीचे अक्षर ते दहा हजार वेळा निष्ठेने उतरवते. त्याला शंका येत नाही.

एवढ्यावरून कारकुनीचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. गोगोलच्या 'ओव्हरकोट' (१८४२) या कथेतील अकाकी अकाकियेविच हा नकलनवीस आठवावा. एका सहृदय वरिष्ठाने त्याला थोडे वरचे काम दिले. एका मजकुराचे शीर्षक बदलायचे आणि काही क्रियापदे प्रथम पुरुषातून तृतीय पुरुषात न्यायची. त्याला घाम फुटला आणि त्याने विनवले की, मला आपले काहीतरी नकलायलाच द्या. नकलेने त्याचे काय केले होते हे गोगोलने या एका प्रसंगात दाखवले आहे. माझी विद्यार्थिनीही म्हणते, "मनगट दुखायचं, महिनाअखेर रात्री घरी जायला दहा वाजायचे. ते काम गेलं याचं मला वाईट वाटत नाही." वेठ गेली, तर तिच्यासाठी गळा काढण्याचा अधिकार ती कधी न केलेल्या प्राध्यापकांना नाही.

मग अस्वस्थता कशाची? ती अशी की, तिची ती दोन मिनिटांची नजर तिला कोणी वर्गात दिली नव्हती. पहिली तीन वर्षे तिने हजारो दावे जसेच्या तसे उतरवले, आणि त्या कंटाळवाण्या नकलेतच कोठे थबकायचे ते तिला कळत गेले. सॉफ्टवेअरने नक्कल आणि निर्णय वेगळे केले. निर्णय अनुभवी माणसाकडे ठेवला आणि नक्कल आपल्याकडे घेतली. ज्या पायरीवरून माणूस निर्णयापर्यंत चढतो, ती पायरी मात्र या वाटणीत नाहीशी झाली. तिच्या नऊ जणांच्या विभागात आता पाच जण आहेत. कोणाला काढले नाही, चौघांना दुसरीकडे पाठवले. पण दोन वर्षांत नवा माणूसही घेतला नाही. गेल्या काही वर्षांत तर या सॉफ्टवेअरला भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळू लागली आहे आणि अपवादांचा गठ्ठाही तिच्याकडे सोपवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. माझी विद्यार्थिनी अडकलेला दावा सोडवते तेव्हा तिने काय ठरवले त्याची नोंद राहते. का ठरवले, याचा रकाना तेथेही नाही.

आमच्याकडून दरवर्षी मराठी घेऊन बाहेर पडणारी मुले सगळीच शिक्षक किंवा पत्रकार होत नाहीत. बरीच जण अशाच कचेऱ्यांत पहिल्या पायरीवर उभी राहत आली. पाठचिकित्सेच्या तासाला आता मी त्यांना एकाच अभंगाच्या दोन छापील प्रती देते आणि फरक शोधायला लावते. फरक सगळ्यांना सापडतात. ग्राह्य पाठ कोणता आणि का, हे लिहायला सांगितले की वर्ग शांत होतो. त्या शांततेत त्यांना पुरेसा वेळ बसू देणे एवढे माझ्या हातात आहे. पूर्वी त्यासाठी नोकरीतली तीन वर्षे मिळत असत, माझ्याकडे एका सत्रातले सहा तास आहेत.