तंबोऱ्याची गवसणी

पाऊस उघडला, म्हणून आज तंबोऱ्याची नवी गवसणी बेतायला घेतली. बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडच्या या पट्ट्यात वाद्यांची आबाळ होऊ नये असं मनापासून वाटतं. हुमनाबादजवळचं माणिकनगर तर संत माणिकप्रभूंपासून (१८१७–१८६५) गाण्याचं गाव.

कापड मछलीपट्टणमचं, ठशाच्या कलमकारीचं. सुती कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात, म्हणजे रंग फाकत नाही. काळा रंग गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून करतात. लाल हवा तिथे तुरटीचा ठसा मारतात; पुढे रंगाच्या कढईत कापड उकळलं की तेवढीच जागा लाल होते. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा, लाकडात कोरलेला. माझ्या कापडावर एके ठिकाणी वेल जोडाशी केसभर सरकली आहे. ती जागा मी मुद्दाम दर्शनी बाजूला घेतली. छापणाऱ्याचा हात तिथे दिसतो.

रेक्झीनचं कव्हर दमट हवेत आत ओल धरतं, तारांना ते सोसत नाही. म्हणून आत खादीचं अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर, भोपळ्यापाशी ऐसपैस घेर आणि खुंट्यांपाशी ढिलाई. तोंडाला नाडीच हवी. चेन तबलीवर ओरखडे काढते.

असं कापड घ्याल तेव्हा उलटून पाहा, जोड शोधा, आणि हाताने छापलेलं असेल तर भावात घासाघीस करू नका.