लोकरीखालची पाठ

क्राइस्टचर्च शहरातून अकारोआच्या रस्त्याला लागलात, की काही काळ सपाट कुरणांची सोबत असते आणि मग डोंगर सुरू होतात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून समुद्रात पुढे आलेला हा बँक्स द्वीपकल्प विझलेल्या ज्वालामुखींनी घडविला आहे. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. त्यामुळे काळ्या खडकांचे ते उतार साताऱ्याकडच्या माणसाला परके वाटत नाहीत. फेब्रुवारीत तिथला उन्हाळा सरत आलेला असतो. गवत पिवळे पडलेले, वारा मात्र गार, आणि वळणावळणाला खाली समुद्राची निळी जीभ जमिनीत शिरलेली.

माझी मुलगी नोकरीनिमित्त तिथे असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा माझ्या सासूबाई सोबत होत्या. वय ७८, माहेर माण तालुक्यातले, बालपण शेळ्यामेंढ्यांत गेलेले. बागा, संग्रहालये, मोठमोठी दुकाने यांत त्यांचे मन रमेना. अखेर नातीने विचारले, ‘आजी, उंटाच्या चुलत भावंडांना बघायला येतेस?’ त्या सकाळी त्या सर्वांच्या आधी तयार होऊन बसल्या.

रस्त्यापासून थोडे आत, दहा एकरांच्या उतारावर, एक जोडपे अल्पाकांची पैदास करते. दोघेही पूर्वी शहरात नोकरीला. तो विमा व्यवसायात, ती शाळेत. मुले घराबाहेर पडल्यावर, पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ही जमीन घेतली आणि तीन गाभण माद्या विकत आणल्या. आज तो ६९ वर्षांचा आहे, ती ६६ची आणि कळपात ३४ जनावरे आहेत.

अल्पाका हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी लोकरीसाठी त्याला माणसाळवले. न्यूझीलंडमध्ये तो १९८०च्या दशकात चिलीहून आला. अंगाने मोठ्या मेंढीएवढा, वर उंटाची लांब मान, मऊ गादीसारखे पाय, आणि घशातल्या घशात गुणगुणण्याची सवय. सारा कळप ठरावीक जागीच शेण टाकतो, हे ऐकून सासूबाईंना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटू लागला.

धंदा मात्र धीम्या गतीचा. मादी साधारण साडेअकरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू होते, जुळे अगदी विरळा. पिल्लांपैकी निम्मे नर, आणि पैदाशीला योग्य असे नर त्यांतले मोजकेच. म्हणजे तीन माद्या आणल्या तर वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर पदरी पडते ती सरासरी दीड मादी, आणि तीही वयात येईपर्यंत आणखी वर्ष-दीड वर्ष जाते. शेळ्यांचा हिशेब डोक्यात असलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ‘मग खाल्लं काय यांनी इतकी वर्षं?’ प्रश्न रास्त होता. ही जनावरे देशात दुर्मीळ होती तोवर त्यांना मोठी किंमत येई. संख्या वाढली तसे भाव उतरले, आणि हे दोघे नेमके उतरत्या भावात या धंद्यात शिरले. पहिली काही वर्षे त्याच्या निवृत्तिवेतनावर निघाली. पुढे पैदाशीच्या माद्या, खच्ची केलेल्या नरांच्या जोड्या (हे जनावर एकटे ठेवले तर झुरते), वर्षातून एकदा कातरलेली दोन-चार किलो लोकर आणि आमच्यासारखे पाहुणे, अशा चार वाटांनी संसार चालू लागला.

मादी गाभण आहे की नाही, हे ठरवण्याची त्यांची प्राथमिक रीत मजेदार आहे. नर जवळ आणला की गाभण मादी त्याच्या तोंडावर थुंकते. सासूबाई यावर जे म्हणाल्या ते येथे छापण्याजोगे नाही.

वैद्यक म्हणून मला अधिक रस होता तो दुसऱ्या गोष्टींत. या पिल्लांना आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात जन्मानंतरच्या चिकातून. म्हणून पहिल्या काही तासांत पिल्लू उभे राहून प्यायले की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. दुसरी गोष्ट ‘ड’ जीवनसत्त्वाची. अँडीजच्या उंचीवर ऊन इतके प्रखर असते, की दाट लोकर असूनही जनावराच्या त्वचेत ते पुरेसे तयार होते. इथे समुद्रालगत, विषुववृत्तापासून दूर, हिवाळ्यातले ऊन मंद. मग गडद लोकरीच्या पिल्लांना मुडदूस होतो, पाय वाकतात. त्यासाठी हिवाळ्यात कळपाला या जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, तीही मोजून. कारण अधिक झाले तर तेही विषच. आपल्याकडे ऊन भरपूर, तरीही दिवसभर आतल्या खोलीत राहणाऱ्या वृद्धांमध्ये ही कमतरता मी नित्य पाहते. उतारवयात त्वचेची ते तयार करण्याची क्षमताही मंदावते.

आम्ही गेलो तो दिवस वजनाचा होता. अल्पाका शिकार होणाऱ्यांच्या जातीचे. कळपात जो अशक्त दिसेल तो पहिला बळी जायचा, म्हणून ही जनावरे दुखणे शेवटपर्यंत लपवतात. ‘आडवा पडलेला दिसला, तर समजावे की आपण आठवडाभर उशिरा आलो,’ असे त्या गृहिणीने सांगितले. त्यामुळे दर महिन्याला वजन, आणि शेवटच्या बरगडीमागे पाठीच्या कण्यावर हात ठेवून चाचपणी. लोकरीमुळे जनावर बाहेरून गुबगुबीतच दिसते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

सासूबाईंना भाषेची अडचण वाटलीच नाही. बाजारात शेळी घेताना पाठ दाबून पाहतात, तशी त्यांनी एका तपकिरी मादीची पाठ दाबली आणि म्हणाल्या, ‘हिच्या अंगात काय न्हाई. वर नुसती लोकर हाय.’ काट्याने त्यांचा शब्द खरा केला. मादी १७ वर्षांची होती आणि महिन्याभरात चार किलोंनी उतरली होती. गृहिणीने लगेच तिचे तोंड उघडले. दाढा झिजून गेल्या होत्या.

त्यानंतर सासूबाई हसत स्वतःच त्या काट्यावर उभ्या राहिल्या. अंगावर नऊवारी, त्यावर स्वेटर, त्यावर शाल. आकडा दिसला ४०.५.

सारे हसले. मला हसता येईना. दहा महिन्यांपूर्वी माझ्याच दवाखान्यात मी त्यांचे वजन ४७ किलो लिहिले होते. जवळजवळ सातवा हिस्सा माणूस माझ्या डोळ्यांदेखत कमी झाला होता. सहा महिने ते वर्षभरात वजन विनाकारण पाच टक्क्यांनी घटले, तर वृद्ध माणसाची तपासणी केलीच पाहिजे, हे मी इतरांच्या मुलांना नेहमी सांगते. घरच्या माणसाला मात्र मी रोज पाहत होते, म्हणजेच पाहत नव्हते.

माझा चेहरा पाहून त्या बाईंनी मुलीकरवी अगदी सहज विचारले, ‘यांचे दात पाहिलेत का?’

परतीच्या वाटेवर मी विचारले. कवळी सैल झाली होती. भाकरी चावत नव्हती, हिरडी सोलवटत होती. म्हणून त्या ताटातला मऊ भात आणि आमटी तेवढी खाऊन उठत. ‘सांगितलं का नाही, आई?’ तर म्हणाल्या, ‘तुझ्या दारात सकाळपास्नं माणसांची रांग. त्यात माझी कवळी कुठं सांगत बसू?’ पुढचा बराच रस्ता आम्ही कोणी बोललो नाही.

वाचकहो, आपल्या घरीही शाली, स्वेटर आणि घोळदार लुगडी आहेत. आंघोळीला मदत करताना वा पाठीला तेल लावताना हाताला काय लागते, ते जरा पाहा. आणि सैल कवळी सापडली म्हणून तिथेच थांबू नका. वजन आधी घटते आणि मग हिरड्या आक्रसून कवळी सैल होते, असेही घडते. साताऱ्याला परतल्यावर मी सासूबाईंची साखर, थायरॉइड, रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सारे करून घेतले. सुदैवाने बी-१२च्या कमतरतेपलीकडे काही निघाले नाही. कवळी नवी केली. पहिल्या महिन्यात ती दोनदा घासून नीट करून घ्यावी लागली, आणि ‘जुनीच बरी होती’ हे वाक्य आम्ही रोज ऐकले.

त्या जोडप्याने यंदापासून नर सोडायचे थांबवले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा खुब्याचा सांधा बदलला. नखे कापताना सत्तर किलोचे जनावर धरून ठेवणे आता त्याला झेपत नाही. तरण्या माद्या गिऱ्हाईक मिळेल तशा विकल्या जातील. त्या तपकिरी मादीला कोणी घेणार नाही, हे दोघांना ठाऊक आहे. ती तिथेच राहील. तिला कळपापासून वेगळे, सावकाश खाता यावे म्हणून, भिजवलेला लसूणघास देतात, असे मुलीने कळवले.

आमच्याकडे आता रविवारी सकाळी, चहाच्या आधी, वजन होते. सासूबाई शाल खुर्चीवर काढून ठेवतात आणि काट्यावर उभ्या राहतात. मागच्या रविवारी ४३ किलो २०० ग्रॅम भरले. मी आकडा लिहून घेतला, तशा त्या म्हणाल्या, ‘आता पोरीला फोन लाव. तिकडं त्या म्हातारीचं किती भरलं, इचार.’