रिक्वायर, ॲक्वायर, इन्क्वायर



मुळशीत भूसंपादनाची इंग्रजी कागदपत्रं वाचून दाखवताना पोरं मला विचारतात, 'रिक्वायर' आणि 'ॲक्वायर' यांत फरक काय? दोन्ही शब्द 'क्वायरेरे' या लॅटिन क्रियापदातले. अर्थ शोधणे, मागणे. तिसरा भाऊ 'इन्क्वायर'. रिक्वायर म्हणजे गरज असणे, ॲक्वायर म्हणजे ताब्यात घेणे, इन्क्वायर म्हणजे चौकशी करणे.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होतं. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा त्या कायद्यात चौकशी होती ती मोजणीची, मालकीची आणि मोबदल्याची. जमीन घ्यावी की नाही, यावर हरकत ऐकणारं कलम ५-अ आलं १९२३ च्या दुरुस्तीने. म्हणजे गरज कंपनीची, ताबा सरकारचा आणि शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची सोयच नाही!

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराचं काय? २०१३ च्या कायद्याने तीन वर्षं तिथे राबून पोट भरणाऱ्या भूमिहीनालाही 'बाधित कुटुंब' मानलं. आपल्या वस्तीतली बहुतेक घरं याच रांगेतली.

म्हणून नोटीस आली की आधी विचारा: गरज कुणाची? चौकशीत आपलं नाव आहे का? ताब्याचं नंतर बोलू.