अँथनीचे उस्ताद, अँथनीचे शागीर्द

आमच्या कर्जत-खालापूर भागात लग्नसराई सुरू झाली की बेंजो पार्ट्यांना उसंत नसते. नेरळ असो, खोपोली असो वा चौक, हळदीच्या रात्री एक गाणे हमखास वाजते : ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’. म्हातारे-कोतारेही त्यावर हात वर करून घेतात. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधले हे गाणे. पण अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, तो व्हायोलिन वाजवायचा आणि त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचा तो उस्ताद होता, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? शागिर्दाने उस्तादाला केलेला हा सलाम आहे, आणि तो लोकांनी नुसता नाचण्यावारी नेला!

अँथनींचा जन्म १९२७ चा, गोव्यात सासष्टीतल्या माजोर्ड्याचा. वडील चर्चमध्ये गाणे-वाजवणे शिकवीत. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवण्याची जुनी रीत होती. गरिबाचे पोरही कागदावरचे सूर वाचू शके. याच विद्येवर गोव्याची पोरे पोट भरायला मुंबई गाठत.

त्या काळची मुंबई जॅझने भारलेली होती. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन आला. तो स्वतः व्हायोलिनवादकच. गुलामीत भरडलेल्या लोकांच्या दुःखातून उमललेले हे संगीत मुंबईतल्या गोवेकर वादकांनी कान टवकारून ऐकले आणि आपलेसे केले. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत बसायचे, असा अनेकांचा दिनक्रम झाला. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तला (१९५१) थिरकता ठेका याच वादकांच्या हातचा.

अँथनी १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत आले. पहिले काम मिळाले ते नौशादसाहेबांच्या वाद्यवृंदात. लखनऊचा मुसलमान संगीतकार आणि गोव्याचा ख्रिस्ती पोरगा! तिथे या पोराची गाठ रागसंगीताशी पडली.

आपल्याकडे संगीताची विद्या सीना-ब-सीना चालत आली. उस्तादाने गायचे, शागिर्दाने ऐकून उचलायचे, कागदाचे काम नाही. आणि सूर एकच. सगळे मिळून एकच चाल वाजवणार. गोवेकरांकडे याच्या उलट. तिथे दहा वादक दहा वेगळ्या ओळी वाजवतात आणि त्यांचा मिळून एक मेळ उभा राहतो. चित्रपटाच्या संगीतकाराकडे चाल असे, पण व्हायोलिनच्या ताफ्याने मागे काय वाजवायचे, ट्रम्पेटने कुठे घुसायचे, हे कागदावर लिहून देणारा माणूस वेगळा. त्याला अरेंजर म्हणत. पडद्यावर संगीतकाराचे नाव झळके. अरेंजर आणि वादक बहुधा अंधारातच राहत.

अँथनी हे काम करू लागले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. कागद वाचता येतो म्हणून फुशारकी न मारता ते पुन्हा शागीर्द झाले. सारंगीनवाज पंडित रामनारायण यांच्याकडून त्यांनी रागाचे धडे घेतले. सारंगीला पडदे नसतात. नखाच्या मुळाशी तार दाबून सूर घसरवत न्यावा लागतो. व्हायोलिनलाही पडदे नाहीत. म्हणूनच या परदेशी वाद्याला आपली मींड झेपली. आणि हे रामनारायण कोणाचे शागीर्द? लाहोरात त्यांनी किराना घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. म्हणजे सिलसिला पाहा : अब्दुल वहीद खाँ, रामनारायण, अँथनी, प्यारेलाल. यात कोण कुठल्या धर्माचा, हे सुरांना कधी विचारावेसे वाटले नाही.

राहुल देव बर्मन हेही अँथनींचे शिष्य. १९५८ मध्ये अँथनींनी आपला मोठा वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात राग आणि पाश्चात्त्य मेळ यांची सांगड घातलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटात पुन्हा रमले नाहीत. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.

हे सारे आम्ही वर्गात सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या उर्दू शाळेतला सातवीचा एक मुलगा बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवतो. एकदा ऐकलेली चाल बोटांतून काढतो. वडील रिक्षा चालवतात. ते शाळेत येऊन म्हणाले, “सर, तुम्हीच समजवा त्याला. वाजवून काय मिळणार? आणि आपल्यात हे चालतं का?”

आम्ही म्हणालो, “भाई, दुसऱ्या प्रश्नावर आलिमांमध्येच जुना मतभेद आहे. त्याचा निवाडा करणारे आम्ही कोण? पहिल्याचं मात्र सांगतो.” आणि प्यारेलाल यांची गोष्ट सांगितली. वडील ट्रम्पेटवादक, घरात ओढाताण, म्हणून ते लहान वयातच स्टुडिओत व्हायोलिन वाजवू लागले. वडील ऐकत राहिले. मुलाने मात्र मधेच विचारले, “सर, अँथनीचं नाव पाटीवर यायचं?” आम्ही खरे तेच सांगितले : बहुधा नाही. त्यावर वडील हसले, “मग आधी दहावी कर, नाव नंतर.” वाजवणे बंद कर, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

खालापूर तालुक्यात चौकजवळ एन. डी. स्टुडिओ २००५ मध्ये उभा राहिला. आमच्या मुलांनी किल्ले आणि महाल उभे राहताना पाहिले. त्यांना नटांची नावे पाठ आहेत. सेट ठोकणाऱ्या सुताराचे, मागे व्हायोलिन वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. आमच्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या हेच मागचे काम आले. सारंगियांची कित्येक मुसलमान घराणी साथ करता करता विझली. मुलांनी बाजा सोडून नोकरी धरली, यात त्यांचा काय दोष?

दोष तालमीच्या अभावाचा आहे. माजोर्ड्याच्या पोराला गावातच स्वरलिपी शिकवणारा मिळाला. कर्जतच्या पोराला संगीताचा वर्ग शोधायचा तर लोकलने तासभर कल्याण गाठावे लागते. कान अल्लाहने दिला आहे, मेहनत करायला तो तयार आहे. उरते ते शिकवणाऱ्याचे काम. आमच्या जमातींनी, शाळा चालवणाऱ्या संस्थांनी एखादी हार्मोनियम, एखादा मास्तर, आठवड्याचे दोन तास एवढे जरी दिले, तरी पुष्कळ झाले. या पोरांतून अँथनी निघेलच असे नाही. पण नाव पाटीवर आले नाही तरी विद्या पुढे जाते, आणि एखादा शागीर्द असा निघतो की उस्तादाचे नाव गावोगाव गाऊन ठेवतो.