एका कादंबरीचें गांव

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील न्यू हॅम्पशायर संस्थान शरद ऋतूंत पाहावें, असें आम्हांस अनेकांनीं सांगितलें होतें. आमच्या चिरंजीवांचें बिऱ्हाड बोस्टन शहरानजीक असल्यामुळें गेल्या आश्विनांत तो योग आला. मेपल वृक्षांच्या तांबड्या-केशरी शोभेचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें बोस्टनच्या उत्तरेस सुमारें ९० मैलांवरील गिलमंटन या लहानशा गांवाविषयीं, आणि त्या गांवास चिकटलेल्या एका कादंबरीविषयीं.

गांव जुनें. त्याची सनद १७२७ सालची. वस्ती आजहि सुमारें चार हजारांचीच. दोन रस्ते जेथें एकमेकांस छेदतात तेथें जुनीं लांकडी घरें, एक प्रार्थनामंदिर व पूर्वीच्या विद्यालयाची इमारत आहे; या इमारतींत आतां गांवची कचेरी भरते. कोठें गडबड नाहीं, कोणाचा मोठा आवाज नाहीं. आमच्या कोंकणांतल्या वाड्यांची आठवण यावी अशीच ती शांतता होती. परंतु ज्यानें गांवांत बालपण काढलें आहे त्यास ठाऊक असतें कीं, गांव शांत असतें याचा अर्थ तेथें बोलण्यासारखें कांहीं घडत नाहीं असा नव्हे. जें घडतें तें बोलावयाचें नाहीं एवढेंच ठरलेलें असतें.

गिलमंटनचा हा ठराव ग्रेस मेटॅलियस या बाईनें मोडला. ती मूळची त्याच संस्थानांतील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरची; जन्म १९२४ चा, घराणें फ्रेंच-कॅनडियन वंशाचें. यजमान गिलमंटनच्या शाळेंत मुख्याध्यापक. पदरीं तीन मुलें, संसार ओढाताणीचा. तशांत तिनें लिहिलेली ‘पेटन प्लेस’ ही पहिलीच कादंबरी १९५६ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली आणि पहिल्या दहा दिवसांत तिच्या साठ हजार प्रती खपल्या. वर्षाहून अधिक काळ ती सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादींत राहिली. यजमानांची नोकरी मात्र त्याच सुमारास गेली; ती कादंबरीमुळें गेली कीं अन्य कारणानें, यावर वर्तमानपत्रांतून बराच वाद माजला.

कादंबरींत आहे तरी काय? एक नीटनेटकें, देवभीरु गांव, आणि त्याच्या बंद दारांआडच्या गोष्टी: विवाहावांचून झालेली मुलगी वैधव्याचें सोंग घेऊन वाढविणारी आई, गरीब वस्तींतील मुलीवर सावत्र बापाकडून होणारा अत्याचार, तिची सुटका करण्यासाठीं कायदा मोडणारा वृद्ध डॉक्टर, आणि हें सर्व थोडेंफार ठाऊक असूनहि न पाहिल्यासारखें करणारे प्रतिष्ठित लोक.

वाचकांत तत्काळ दोन तट पडले. मँचेस्टरच्या एका दैनिकानें अग्रलेखांतून या कादंबरीस घाण म्हटलें. कॅनडाच्या सरकारनें पुस्तकाची आयात कांहीं काळ बंद केली. मॅसाच्युसेट्समधील बेव्हर्ली फार्म्सच्या ग्रंथालयानें, हें पुस्तक येथें मिळणार नाहीं, हवें असल्यास सेलमला जावें, अशी पाटी लाविली. उलट पक्षीं, हें आमच्याच गांवाचें चित्र आहे, असें लेखिकेस कळविणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. आर्डिस कॅमेरॉन या विदुषींनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्या पत्रांचा सविस्तर विचार केला आहे. १९५७ सालीं कादंबरीवर चित्रपट निघाला, पण त्याचें चित्रण गिलमंटनांत न होतां शेजारच्या मेन संस्थानांतील कॅमडेन गांवीं झालें.

हे दोन तट आमच्या मोटारींतहि होते. आमच्या थोरल्या वहिनी व आमची सूनबाई या दोघींनींहि प्रवासापूर्वी ती कादंबरी वाचली होती. सूनबाईंचें मत असें कीं, हें पुस्तक प्रत्येक शहाण्या घरांत असावें. “काकू, ज्या गोष्टीस नांवच नाहीं तिची फिर्याद तरी कशी करणार? तिनें नांव दिलें, म्हणून पुढच्या मुलींना तोंड उघडतां आलें.”

वहिनींस हें मान्य नव्हतें. त्यांचा आक्षेप सोवळेपणाचा असेल अशी आमची अटकळ होती, ती चुकली. त्या म्हणाल्या, “अगो, पुस्तक घाणेरडें आहे असें मी म्हणत नाहीं. पण जिच्यावर तें बेतलें, तिला कोणी विचारलें होतें का?”

हा प्रश्न निराधार नव्हता. कादंबरीच्या मुळाशीं एक खरी घटना आहे. गिलमंटन आयर्न वर्क्स या वस्तींत एका तरुण मुलीनें आपल्या बापाचा वध केला आणि प्रेत मेंढरांच्या गोठ्यांत पुरलें; हें १९४७ सालीं उघडकीस आलें. बापाचे अत्याचार असह्य होऊन तिनें तें कृत्य केलें होतें. कादंबरींतील मुलगी निर्दोष सुटते. खऱ्या मुलीस मात्र कारावास भोगावा लागला. मेटॅलियसबाईंच्या हस्तलिखितांत अत्याचार करणारा सख्खा बापच होता. वाचकांस तें सोसवणार नाहीं म्हणून प्रकाशकांच्या आग्रहानें तो सावत्र झाला. शिवाय पहिल्या आवृत्तींतील एका पात्रास एका खऱ्या शिक्षकाचें नांव दिलें गेल्यामुळें त्यानें दावा लावला. तडजोडीनें पैसे द्यावे लागले व पुढें पात्राचें नांव बदललें.

सूनबाईंनीं नेमका पहिला धागा उचलला. “म्हणजे जगाला खरा बाप सोसवला नाहीं, पण त्या मुलीनें तो वर्षानुवर्षें सोसला. मग गप्प राहून रक्षण कोणाचें झालें?” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

येथें आमचें मन स्वदेशीं गेलें. आपल्या घरांचीं दारें कांहीं कमी जाड नव्हतीं. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें तें मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीं. १८७५ सालीं प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं पंढरपुरास तशीच संस्था काढली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां माजघरांतलें दुःख प्रथमच दिवाणखान्यांत मोठ्यानें वाचलें गेलें. आज ती आपण अभिमानानें कपाटांत ठेवतों. परक्या गांवच्या लेखिकेस निर्लज्ज म्हणणें सोपें. आपली लेखणी हातीं घेतली कीं हात थांबतो.

असा आमचा हात थांबला होता, हें कबूल केलें पाहिजे. गेलीं चार वर्षें आम्ही आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचें काम करीत आहों. वंशावळींत आमच्या पणजोबांच्या धाकट्या बहिणीपुढें आम्हीं केवळ ‘कन्या १, बालविधवा’ एवढेंच लिहिलें होतें. नांव मिळत नाहीं, अशी आमची समजूत. आणि खरें सांगावयाचें तर तें शोधण्याची खटपटहि आम्हीं केली नव्हती.

गिलमंटनच्या स्मिथ मीटिंग हाउसजवळील दफनभूमींत मेटॅलियसबाईंची समाधि आहे. १९६४ सालीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, अतिमद्यपानानें यकृत बिघडून त्या वारल्या. पुस्तकानें मिळालेलें द्रव्य उरलें नव्हतें. कर्ज उरलें होतें. त्यांस या गांवांत जागा देऊं नये असें म्हणणारेहि कांहीं होते. अखेर जागा मिळाली. भोंवतीं वाळलेलीं पानें, मध्यें नांवाचा दगड. ज्यांनीं त्यांच्यावर राग धरला तेहि याच भूमींत विसावले असतील.

त्या दगडासमोर वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग एकाएकीं आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, तुमच्या त्या ‘कन्या १’ चें नांव मला ठाऊक आहे.”

आमच्या मातोश्रींनीं तें त्यांस सांगितलें होतें, आणि मातोश्रींस त्यांच्या सासूबाईंनीं. घरांतील सुनांकडून सुनांकडे तें चालत आलें होतें. पुरुषांपैकीं कोणास कळलें नव्हतें, अगर कळून घ्यावयाचें नव्हतें. एकोणिसाव्या वर्षीं त्या मुलीस चातुर्मासाच्या निमित्तानें पंढरपुरास नेलें. ती परत आली ती एकटीच. पुढें पन्नास वर्षें तिनें घरचा स्वयंपाक केला, सगळ्यांचीं बाळंतपणें केलीं, आणि एकादशीस कोणी पंढरीचें नांव काढलें कीं ती उठून परसांत जाई. एवढेंच.

आम्हीं विचारलें, “मग हें वृत्तांतांत लिहूं?”

“नांव घाला,” वहिनी म्हणाल्या. “यात्रा घालूं नका. तिनें ती कोणास सांगितली नाहीं. आपण कोण सांगणार?”

सूनबाईंचे डोळे भरले होते, पण मत बदललें नव्हतें. “आणि तिकडे राहिलेलें तें बाळ? त्याची ओळ कोणत्या वंशावळींत येणार, काकू?”

या प्रश्नास वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं, व आम्हांसहि तें देतां आलें नाहीं. परतीच्या वाटेवर कोणी फारसें बोललें नाहीं.

मुक्कामीं पोंचल्यावर आम्हीं वंशावळीचें तें पान काढलें, ‘कन्या १’ हीं अक्षरें खोडलीं आणि वहिनींनीं सांगितलेलें नांव लिहिलें. तें येथें देत नाहीं. तें वाचण्याचा पहिला हक्क तिच्या घरच्यांचा आहे. नांवाखालीं मात्र दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे. ग्रंथ छापावयास जाण्यापूर्वी ती भरावी कीं तशीच ठेवावी, याविषयीं आमच्या घरांत अद्यापि दोन मतें आहेत. तसें पान ज्यांच्या घरीं नाहीं असे वाचक आम्हांस थोडेच भेटतील. त्यांनीं आपापल्या घरच्या वृद्ध स्त्रियांस, त्या आहेत तोंवर, निदान नांव तरी विचारून ठेवावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.